गवत कापायचं कंत्राट आणि टिटवीची अंडी

मुंबईच्या पूर्व उपनगरांत ठाणे खाडीच्या अंगाला जुन्या कंपन्यांच्या मोठमोठ्या जागा आहेत. पुढे शेड, गोदामं, ऑफिस, स्टाफ कॉलनी आणि मागे कुणी फारसं न फिरकणारा पट्टा. तिथे गवत असतं, पावसाळी डबकी असतात, सुबाभळीचं रान असतं आणि शेवटी तिवरं. अशाच सत्तरेक एकरांच्या एका आवारासाठी जैवविविधता आराखडा करायचं आणि तो प्रत्यक्षात आणायचं काम फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या इस्टेट विभागाकडे आलं. पहिला टप्पा मार्च 2025 ला संपला. सुरुवातीला माहिती शोधली तेव्हा एक तर गुळगुळीत कागदावरचे अहवाल मिळाले, नाही तर वृक्षारोपणाचे फोटो. कुठल्या टेबलावर काय न्यायचं, कशाला परवानगी लागते, माळीकामाच्या कंत्राटात काय लिहायचं, हे कुठेच सापडत नव्हतं. तुमच्यावर असं काम आलं असेल तर हे वाचून थोडी वाट दिसेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. कंपनीच्या आवारातलं बहुतेक नुकसान रोजच्या ठरलेल्या कामांतून होतं. पंधरा दिवसांनी गवत कापणं, पालापाचोळा उचलणं, तणनाशक मारणं, पावसाळ्याआधी खड्डे बुजवणं, कुंपणावर रात्रभर दिवे ठेवणं. ही सगळी कामं वर्क ऑर्डरमध्ये लिहिलेली असतात आणि तशी झाली नाहीत तर ठेकेदाराचं बिल कापलं जातं. त्यामुळे जागा राखायची तर ती वर्क ऑर्डरमध्येच राखावी लागते. दोन वर्षांतली आमची सगळ्यात जास्त मेहनत तिथेच गेली. रोपं लावणं त्यामानाने किरकोळ होतं.

आधी पैसे आणि कागद

काम सुरू व्हायचं निमित्त अगदी रुक्ष होतं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 सूचीबद्ध कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल बंधनकारक केला. त्यात एक प्रश्न असा आहे, की कंपनीचं कामकाज पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात किंवा त्याच्या आसपास आहे का. आमच्या मागच्या भिंतीपाशी कांदळवन, म्हणजे तिवरांसारख्या खारफुटीचं रान आहे आणि पलीकडे ठाणे खाडी. तिथलं सुमारे 1,690 हेक्टरांचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. उत्तर ‘हो’ हेच होतं आणि मग ‘तुम्ही तिथे काय करता’ हा पुढचा प्रश्न आला. वरिष्ठांकडे जाताना हा कागद हातात ठेवा. पक्ष्यांचे सुंदर फोटो दाखवून जे होत नाही, ते अहवालातल्या रिकाम्या रकान्याने होतं.

पैशांसाठी पहिला विचार सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा येतो, कारण कंपनी कायदा 2013 च्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाचा समतोल आणि वनस्पती-प्राण्यांचं रक्षण हे विषय आहेत. आमच्या वित्त विभागाने तो मार्ग बंद केला आणि त्यांचं बरोबर होतं. स्वतःच्या आवाराची देखभाल हा नेहमीच्या कामकाजाचा भाग ठरतो, शिवाय लाभ मुख्यतः आपल्याच कर्मचाऱ्यांना होतो. या चर्चेत जवळजवळ दीड महिना गेला. तुम्ही तो वाचवा आणि थेट इस्टेट देखभालीच्या बजेटमध्ये वेगळं शीर्षक मागा. एप्रिलपासून नवं वर्ष सुरू होतं, म्हणून मागणी डिसेंबर-जानेवारीतच टाकलेली बरी.

मग जमिनीचे कागद. मालमत्ता पत्रक, विकास आराखडा 2034 चा डीपी रिमार्क (आराखड्यात ही जागा कशासाठी दाखवली आहे ते सांगणारा महापालिकेचा शेरा) आणि किनारा व्यवस्थापनाचा नकाशा या तीन गोष्टी एकाच मापाच्या कागदावर एकावर एक आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुंबई शहर आणि उपनगराचे सीआरझेड 2019 (किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना) खालचे नकाशे 2021 मध्ये मंजूर झाले, त्यांत भरतीरेषा आणि कांदळवन दाखवलेलं असतं. आमच्याकडचा जुना लेआउट आणि हा नकाशा जुळत नव्हता. ज्या भागाला आम्ही ‘भविष्यातील पार्किंग’ म्हणत होतो, त्याचा एक कोपरा कांदळवनाच्या 50 मीटर पट्ट्यात येत होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशानुसार जमीन कुणाच्याही मालकीची असो, कांदळवनापासून चहूबाजूंना 50 मीटरमध्ये बांधकाम करता येत नाही. 2018 च्या निकालाने ते आणखी पक्कं केलं आणि कांदळवन तोडणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला. हे कायदा विभागाने लेखी दिलं आणि पार्किंगचा तो कोपरा नकाशावरून पुसला गेला. अख्ख्या आराखड्यातला हा पहिला ठोस फायदा, आणि त्यासाठी एक रोपही लावावं लागलं नाही.

पाहणी: चारही हंगाम लागतात

मे 2023 मध्ये पाहणी सुरू केली. एका हंगामात उरकून देणारे लोक भेटतात. दरही कमी असतो, पण घेऊ नका. मुंबईत मे महिन्यात जी जमीन उजाड दिसते तिथे जुलैत बेडकांचं रान माजलेलं असतं. ऑक्टोबरात फुलपाखरं, डिसेंबर ते मार्च स्थलांतरित पाणपक्षी. मेच्या यादीवर आराखडा केला असता तर पावसाळी डबक्यांच्या जागेवर ‘पडीक, भराव चालेल’ असा शिक्का बसला असता.

बाहेरच्या अभ्यासकांना चार हंगामांचे मिळून साधारण चार लाख रुपये दिले. कार्यादेशात पद्धत लिहून घ्या, नाही तर नुसती नावांची यादी हाती येते. आम्ही झाडांसाठी 10 बाय 10 मीटरचे, झुडपांसाठी 5 बाय 5 चे आणि गवत-तणासाठी 1 बाय 1 चे चौकोन ठरवून दिले. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर मोजायचा. पक्ष्यांसाठी ठरावीक जागी दहा मिनिटं उभं राहून नोंद, सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत. बेडकांसाठी पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या रात्री. प्रत्येक चौकोनाचे अक्षांश-रेखांश आणि एका कोपऱ्यात रंगवलेली लोखंडी खुंटी, म्हणजे तीन वर्षांनी त्याच जागेवर पुन्हा मोजता येतं. आमच्या पहिल्या अहवालात चौकोनांच्या जागाच दिल्या नव्हत्या. शेवटचा हप्ता अडवला तेव्हा त्या आल्या. हप्ते 30-40-30 असे ठेवा आणि शेवटचा कच्च्या नोंदी हातात आल्यावरच सोडा.

वनस्पतींच्या ओळखीबद्दल शंका असेल तर सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आणि फोर्टातली बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या दोन जागा मुंबईकरांच्या हाताशी आहेत. फुलं-फळं असलेला नमुना न्या, नुसत्या पानावरून खात्री देता येत नाही.

आणखी एक अडचण सुरक्षा विभागाची. रात्री टॉर्च घेऊन आवारात फिरणारी माणसं आणि कॅमेरे त्यांना चालत नाहीत. परवानगी मिळायला तीन आठवडे लागले. प्रत्येकाचं ओळखपत्र, फिरायचा मार्ग आणि वेळ आधी लिहून दिली, सोबत एक गार्ड घेतला, तेव्हा प्रश्न सुटला. पुढे त्याच गार्डकडून सर्वांत चांगल्या नोंदी मिळाल्या. कोल्हा कुठून येतो, मुंगसं कुठल्या पाइपात राहतात, घुबड कुठल्या शेडवर बसतं, हे रात्रपाळीच्या माणसाला कुणाही अभ्यासकापेक्षा जास्त ठाऊक असतं. गेटवरच्या रजिस्टरशेजारी एक वही ठेवा. फोटो नको, नाव नको, फक्त वेळ, जागा आणि काय दिसलं.

कंत्राट

जानेवारी 2024 मध्ये पाहणी संपली आणि मार्चमध्ये माळीकामाचं कंत्राट नव्याने निघणार होतं. हाच खरा मोका होता. अंगावर दडपणही होतं, कारण ही गाडी चुकली असती तर पुढचं कंत्राट दोन वर्षांनी.

जुन्या कंत्राटात अख्ख्या मोकळ्या जागेसाठी एकच ओळ होती: गवत कापणे, प्रति चौरस मीटर, वर्षाला 24 फेऱ्या. आम्ही जागेचे तीन भाग केले. ‘अ’ म्हणजे ऑफिस आणि कॉलनीपुढची हिरवळ, तिथे पूर्वीसारखंच. ‘ब’ म्हणजे रस्त्यांच्या कडा आणि झाडांखालची जागा, तिथे वर्षाला चार वेळा, पातं जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटर वर. ‘क’ म्हणजे मागचा पट्टा. तिथे जून ते ऑक्टोबर यंत्र न्यायचंच नाही, कारण वटवट्या आणि मुनिया याच काळात गवतात आणि झुडपांत घरटी करतात. नोव्हेंबरच्या शेवटी गवताचं बी पडून गेलं की एकदा कापायचं, तेही सगळं नाही. दर वर्षी एक तृतीयांश पट्टा आळीपाळीने उभाच सोडायचा, म्हणजे कोष, अंडी आणि सरडे यांना आसरा राहतो.

हे ऐकून ठेकेदार हबकला. फेऱ्या कमी म्हणजे बिल कमी. परचेस विभाग मात्र खूश झाला, खर्च वाचतोय म्हणून. इथेच सावध राहावं लागतं. ठेकेदाराचं उत्पन्न एकदम घसरलं तर तो माणसं कमी करतो, नाही तर गुपचूप जुन्या पद्धतीने कापून बिल वाढवून मागतो. आम्ही वाचलेले पैसे नव्या ओळींत घातले: झपाट्याने पसरणाऱ्या परदेशी सुबाभळीची रोपं मुळासकट हाताने उपटणे, घाणेरी आणि रानमोडी ही तशीच परदेशी झुडपं फुलं यायच्या आधी काढणे, पालापाचोळा झाडाच्या खोडापासून एक हात सोडून आळ्यात रचणे, रोपवाटिका सांभाळणे. एकूण रक्कम जवळपास तीच राहिली आणि माणसंही तितकीच.

मुकादमाने एक मुद्दा काढला आणि तो आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो म्हणाला, “साहेब, मोठे साहेब राउंडला आले आणि गवत वाढलेलं दिसलं, तर बोलणी आम्हाला बसतात.” त्यावर दोन उपाय केले. उंच गवताच्या कडेने रस्त्यालगत एक मीटरची पट्टी नीट कापलेली ठेवली, त्यामुळे आतलं गवत मुद्दाम राखलंय हे लांबूनही कळतं. आणि मराठी-हिंदीत पाट्या लावल्या, ‘हे गवत नोव्हेंबरपर्यंत कापायचं नाही’. खाली इस्टेट विभागाचा शिक्का. तक्रारी पहिल्या पावसाळ्यातच थांबल्या. ज्यांना पाटी वाचता येत नाही त्यांच्यासाठी बांबूच्या खुंट्या: लाल म्हणजे यंत्र बंद, पिवळा म्हणजे विचारून.

वाळलेल्या गवताचा धोका आगीचा. फायर ऑफिसरची हरकत रास्त होती. फेब्रुवारीत ‘क’ पट्ट्याच्या चारही बाजूंनी चार मीटर रुंद जाळरेषा साफ करायची, हे कलम त्यांनीच लिहून दिलं. त्यांना आराखड्याच्या पहिल्याच बैठकीला बोलावलं असतं तर दोन महिन्यांचा पत्रव्यवहार वाचला असता, म्हणून तुम्ही बोलवा.

विषारी औषधांचं कलम वेगळं आणि ठळक असू द्या. केंद्राने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याचा आदेश काढला. तो जोडून आम्ही मोकळ्या जागेत तणनाशक पूर्ण बंद केलं. उंदीर मारायचं ब्रोमाडिओलोनचं औषध शेडच्या बाहेर ठेवायचं नाही, बाहेर फक्त पिंजरे. हे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस मंदावून उघड्यावर फिरतो आणि गव्हाणी घुबडाच्या तावडीत सापडतो. विष मग घुबडाच्या अंगात जातं. ही साखळी पेस्ट कंट्रोलच्या माणसाला समोर बसून समजावली तेव्हा त्यानेच पिंजरे कुठे ठेवायचे ते सुचवलं.

डबकं, डास आणि महापालिका

जून 2024. पहिल्या पावसात मागच्या सखल भागात पाणी साठलं, बेडूक ओरडायला लागले आणि दोन आठवड्यांत महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची पाहणी आली. साचलेलं पाणी दिसलं की मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 381 खाली नोटीस येऊ शकते, ही भीती प्रत्येक कंपनीच्या ॲडमिन विभागाला असते. म्हणूनच पावसाळ्याआधी डबक्यांत डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा ओतलं जातं.

आम्ही तयारी ठेवली होती. डेंग्यूचा एडिस डास माणसांच्या आसपासच्या लहान, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो: कुंडीखालच्या थाळ्या, टायर, ताडपत्रीच्या घड्या, एसीचं पाणी. मलेरियाचा शहरी डास टाक्या आणि विहिरींत. चतुरांच्या अळ्या, पाणढेकूण आणि पाणकिडे असलेल्या उघड्या पावसाळी तळ्यात डासांच्या अळ्या फार काळ टिकत नाहीत. पण हे नुसतं सांगून भागत नाही, नोंद दाखवावी लागते. दर आठवड्याला पांढऱ्या पळीने ठरलेल्या दहा जागी पाणी काढायचं, अळ्या मोजायच्या आणि वहीत लिहून सही करायची. पळी डबक्याच्या मधोमध नाही, काठच्या गवतालगत बुडवायची. अळ्या तिथेच असतात. त्याबरोबर अख्ख्या आवारातली भांडी, ड्रम, भंगार साफ केल्याची यादी. निरीक्षकांनी वही पाहिली, स्वतः पळी घातली आणि फक्त भंगार यार्डातल्या टायरांबद्दल सूचना देऊन गेले. तेव्हा जे हायसं वाटलं ते आजही आठवतं.

एका गोष्टीला नम्रपणे नकार द्यावा लागतो: गप्पी मासे. महापालिका विहिरी-टाक्यांसाठी ते देते, तिथे ठीक आहे. पावसाळी डबक्यात सोडले तर ते बेडकांची अंडी आणि लहान पिल्लंही खातात. डबकं ऑक्टोबर-नोव्हेंबरात आटणारं असेल तर त्यात मासा नकोच. त्याचं आटणं हेच बेडकांचं संरक्षण आहे. काठ उभा असेल तर फावड्याने उतार करा, पाच हात लांबीला एक हात खोली इतका. सिमेंटच्या हौदाला खडबडीत फळी तिरकी लावून ठेवा. फळी नसेल तर त्यात पडलेले बेडूक, सरडे आणि साप बाहेर येऊ शकत नाहीत आणि मग हौदातलं पाणी कुजतं.

कांदळवनाच्या कडेला

आवारातून खाडीकडे जाणारा एक जुना नाला आंतरिक रस्त्याखालच्या सिमेंटच्या पाइपातून जातो. त्याच्या वरच्या अंगाची तिवरं शेंड्याकडून वाळत होती. आधी सगळ्यांना कारण प्रदूषण वाटलं. पाण्याच्या चाचण्या झाल्या, त्यात विशेष काही निघालं नाही. मग पाइपाच्या दोन्ही तोंडांशी 5-5 सेंटिमीटरवर रंगाच्या रेघा मारलेल्या काठ्या रोवल्या आणि पौर्णिमेनंतरच्या उधाणात भरती-ओहोटीची पातळी दर अर्ध्या तासाने लिहिली. खालच्या काठीवर पाणी उतरत होतं, वरच्या काठीवर जिथल्या तिथे. पाइप गाळ आणि प्लास्टिकने अर्ध्याहून जास्त भरला होता. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि ओहोटीत उघडी पडली तरच ती हवा घेतात. पाणी सतत तुंबलं की मुळं गुदमरतात. ही चाचणी जवळपास फुकट होते, म्हणून प्रयोगशाळेच्या आधी ती करा.

उपाय मात्र इतका सरळ नाही. नवा मोठा पाइप टाकायचा तर महाराष्ट्र सागरी किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची मंजुरी, आणि कांदळवनाचं एखादं झाडही जाणार असेल तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. आम्ही तो विषय बाजूला ठेवला आणि आहे त्याच पाइपातला गाळ हाताने काढायचं ठरवलं. त्यासाठीही राज्याच्या कांदळवन कक्षाला पत्र, नकाशा, फोटो, मजुरांची संख्या, तारखा आणि ‘यंत्र वापरणार नाही, गाळ कांदळवनात टाकणार नाही’ असं हमीपत्र दिलं. सप्टेंबरात अर्ज, जागेची पाहणी ऑक्टोबरच्या मध्यावर, काम नोव्हेंबरात. खर्च लाखाच्या आत. गाळ उपसताना मजुरांना गमबूट आणि जाड हातमोजे द्याच. काचा असतात, शिवाय गेवा या खारफुटीच्या झाडाचा चीक डोळ्यांत गेला तर भयंकर जळजळतो. डिसेंबरच्या उधाणात दोन्ही काठ्यांवर पाणी एकत्र उतरलं. वाळलेली झाडं परत येत नाहीत, पण त्यांच्या खाली तिवराची नवी रोपं आपोआप रुजली आहेत. तिथे लागवड करायची गरज पडली नाही.

याच सप्टेंबरात आणखी एक घबराट झाली. तिवरांची पानं दोन आठवड्यांत तपकिरी होऊन जाळीसारखी राहिली आणि कॉलनीतून फवारणीची मागणी आली. मुंबईच्या तिवरांवर पावसाळ्याच्या शेवटी असं होतं. सागाची पानं खाणारा हिब्लिया प्युएरा हा पतंग इथे तिवरावर अंडी घालतो आणि त्याच्या अळ्या पानं फस्त करतात. झाडं पुन्हा पालवतात. फवारणी केली तर अळ्यांबरोबर खेकडे, निवट्या आणि अळ्या खायला आलेले पक्षी यांना विष जातं. आम्ही कॉलनीच्या सूचनाफलकावर हेच मराठीत लिहून लावलं. नोव्हेंबरपर्यंत झाडं हिरवी झाली.

कोल्ह्यांबाबत एकच सांगतो. कुत्र्यांना खाणं घालायच्या जागा मागच्या भिंतीपासून दूर, गेटजवळ हलवा आणि कुत्र्यांचं लसीकरण चुकवू नका. 2024 मध्ये चेंबूर-मानखुर्द भागात कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळल्यावर हे काम आमच्या यादीत एकदम वर आलं. सापासाठी वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन प्रत्येक गेटवर लावा आणि पकडलेला साप त्याच परिसरात सोडला जाईल हे पाहा.

लागवड आणि दिवे

वृक्षारोपणाचा आग्रह वरून येतोच. मियावाकी पद्धतीचं दाट जंगल ‘क’ पट्ट्यातल्या गवताळ भागात करावं असा प्रस्ताव होता. चौरस मीटरला तीन-चार रोपं लावली की दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते आणि फोटो छान येतो. पण ते गवत, त्यातली टिटवी, मुनिया, चतुर आणि त्यावर जगणारी फुलपाखरं तिथून जातात. गवताळ जागा म्हणजे झाडांची वाट पाहणारी रिकामी जागा नव्हे, हे पाहणीच्या आकड्यांसह मांडल्यावर प्रस्ताव डेब्रिज टाकलेल्या एका कोपऱ्यात हलला. तिथे तो योग्यच आहे.

बाकी लागवड जिथे जागा मोकळी झाली तिथेच: करंज, भेंडी, उंडी खाडीच्या वाऱ्याच्या बाजूला, तामण ओलसर जागी, बहावा, पांगारा आणि काटेसावर आत. उंबर आणि नांद्रुक विकत घेऊ नका. जुन्या भिंतींत आणि गच्चीवर त्यांची रोपं आपोआप उगवतात, पावसाळ्यात ती अलगद काढून पिशवीत वाढवा. पाऊण ते एक मीटर उंचीचं देशी रोप आम्हाला 60 ते 150 रुपयांना पडलं. त्याहून उंच रोप दिसायला बरं वाटतं, पण पिशवीत मुळं गोल फिरलेली असतात. फुलपाखरांसाठी कढीपत्ता, लिंबू, रुई आणि पानफुटी पुरेशी आहेत. राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच अंडी घालतं.

मोठ्या सुबाभळी काढायच्या तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्यात, प्रत्येक झाडाला क्रमांक, घेर, फोटो आणि नकाशा. देशी झाडांना सावली देणाऱ्या काही सुबाभळी आम्ही मुद्दाम ठेवल्या, एकदम उघडं केलं की घाणेरी घुसते.

दिव्यांसाठी सुरक्षा विभागाशी सर्वांत लांब वाद झाला. शेवटी कुंपणावरचे पांढरेफट्ट दिवे काढून 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, वरून झाकलेले आणि प्रकाश जमिनीकडे टाकणारे दिवे बसवले. कांदळवनाकडच्या बाजूला हालचाल झाल्यावरच पेटणारे. इन्फ्रारेड कॅमेऱ्याला उजेड लागत नाही, हे एका रात्री प्रत्यक्ष दाखवलं तेव्हा होकार आला. काचेच्या तावदानांवर पक्षी आपटत असतील तर काचेच्या बाहेरच्या अंगाला 5-5 सेंटिमीटरवर ठिपक्यांची फिल्म लावा. घारीचं एकुलतं स्टिकर उपयोगाचं नाही.

टिटवी

मार्च 2025 मध्ये नव्या रॅकसाठी खडीच्या मोकळ्या जागेवर जेसीबी लागणार होता. आदल्या दिवशी मुकादमाचा फोन आला, तिथे टिटवी ओरडतेय. जाऊन पाहिलं तर खडीत चार अंडी, टोकं आत वळवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. दोन हातांवरून दिसत नव्हती. टिटवी घरटं बांधत नाही, खडीतच खळगा करते आणि मार्च ते ऑगस्ट अशा सपाट जागा निवडते, म्हणून कारखान्यांची यार्डं तिला आवडतात. अंडी हलवली तर ती सोडून देते. पाच मीटरवर चार ट्रॅफिक कोन आणि पट्टी लावली, जवळ कुणी थांबायचं नाही असं ठरवलं, कारण माणूस उभा राहिला की ती उठते आणि उन्हात अंडी तापतात. उबवायला साधारण चार आठवडे लागतात आणि पिल्लं बाहेर पडल्यावर लगेच चालू लागतात, म्हणजे जागा कायमची अडत नाही. प्रकल्प विभागाने कामाचा क्रम बदलला, आधी दुसऱ्या टोकाचा पाया घेतला. हे शक्य झालं कारण कंत्राटात ओळ होती: ‘जमिनीवर घरटं आढळल्यास काम थांबवून कळवणे, त्या काळाचा दंड लागणार नाही’. ही शेवटची सात-आठ अक्षरं नसती तर फोन आला नसता.

नोंदी आता ईबर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर जातात. कोल्ह्याची जागा आणि घरटी ढोबळ ठेवतो, आणि यंत्रसामग्री दिसणारा फोटो सुरक्षा विभागाने पाहिल्याशिवाय चढवत नाही. माळीकामाचं कंत्राट दर दोन वर्षांनी मार्चमध्ये नव्याने निघतं. परचेस विभाग दर वेळी जुना मसुदा काढतो, त्यामुळे तिन्ही भागांचा नकाशा, लाल-पिवळ्या खुंट्यांची यादी आणि घरट्याचं कलम टेंडरच्या परिशिष्टात बांधून ठेवलंय, आणि एक प्रत मुकादमाच्या खोलीत.